मागच्या स्वयंपाकघरातला पाहुणचार

१

पहिली शाळा साडेनऊला यायची. दोनातिला सव्वानऊला फाटकाचं कुलूप काढायची, घसा खाकरायची आणि दिवसभर तेच ते बोलायला तयार व्हायची. गासोरेरोच्या स्मारकात शाळांच्या सहली फिरवायला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. कुठल्या वाक्याला मुली रडतात, कुठल्या वाक्याला मास्तर टोपी काढतात, कुठे जरा थांबलं की मागची पोरं कुजबुजायची बंद होतात, हे सगळं तिला पाठ होतं. आपला आवाजही नेमक्या जागी कापतो, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली होती. पुढे पुढे तीही येईनाशी झाली.

इमारत म्हणजे पूर्वीची शिवण-सुतारकामाची शाळा. चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलात आजूबाजूच्या टेकड्यांवरची माणसं जीव वाचवायला इथे येऊन कोंडून बसली आणि इथेच, शेजाऱ्यांच्याच हातून, मारली गेली. पुढच्या तीन वर्गांत त्यांचे कपडे, त्यांच्या चपला, त्यांच्या कवट्या. तळघरात हाडांच्या पेट्या. आणि सगळ्यांत शेवटी मागचं स्वयंपाकघर. तिथे काही मांडलेलं नव्हतं. काळवंडलेल्या भिंती आणि चुलीचे तीन दगड, एवढंच. मुलांनी एका दाराने गुपचूप आत जायचं आणि समोरच्या दाराने अंगणात निघायचं, अशी पद्धत होती. रांग न थांबता पुढे सरकत राहायची. दोनातिला मात्र इमारतीला बाहेरून वळसा घालून अंगणात यायची आणि अभिप्रायाची वही घेऊन उभी राहायची. अकरा वर्षांत तिने त्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. मारणाऱ्यांनी तिथे आपलं जेवण रांधलं होतं, एवढं कारण तिला पुरेसं होतं.

त्या वहीत लोक काय वाट्टेल ते लिहीत. 'छान वाटलं.' 'मांडणी उत्तम, मुतारीकडे लक्ष द्यावे.' राजधानी किगालीहून आलेल्या एका बाईने तर बदाम काढून त्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं. असलं काही वाचलं की दोनातिलाला ते पान चुरगळून त्या माणसाच्या तोंडात कोंबावंसं वाटे. मग ती पुढचं कोरं पान उघडून हसून वही पुढे करायची.

मार्चअखेरच्या त्या मंगळवारी खोऱ्यापलीकडची प्राथमिक शाळा आली होती. एकतीस पोरं, सगळ्यांची डोकी भादरलेली, निळे गणवेश. सगळं नेहमीसारखं झालं. रांग स्वयंपाकघरातून अंगणात आली. शेवटचा मुलगा बाहेर आला तो करंगळीच्या नखाने दात कोरत.

"काय खातोस रे?" दोनातिलाने विचारलं.

मुलाने घाईघाईने गिळलं. "काही नाही, ताई."

"तोंड उघड."

त्याने उघडलं. पुढच्या दोन दातांमध्ये मांसाचा तपकिरी धागा अडकला होता. ओठ चरबीने चकचकत होते. भाजलेल्या मांसाचा वास तिच्या नाकात गेला.

"इथे खायला बंदी आहे, माहीत नाही? कुणी दिलं?"

"आतल्या काकांनी. आधी त्यांनी स्वतः खाल्लं, मग दिलं. नाही कसं म्हणणार?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. या टेकड्यांवर पाहुण्याच्या हातात काहीही देण्याआधी यजमानाने स्वतः चाखायचं, हीच रीत. चौऱ्याण्णवनंतर तर लोक न चाखलेलं पाणीसुद्धा कुणाच्या हातून घेत नसत. आणि एकदा समोर चाखून दिलं, की नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. हे पोरांना दुधाच्या दातांपासून शिकवलेलं असतं.

पोरांबरोबर आलेले गास्पार मास्तर मध्ये पडले. "ताई, मांस कुठलं घेऊन बसलात? आमच्याकडे मका आणि घेवडा, घेवडा आणि मका. या पोरांनी नाताळानंतर मांसाचं तोंड पाहिलेलं नाही."

दोनातिलाने बाकीच्या पोरांकडे पाहिलं. एकही रडत नव्हतं. सगळी अंगणात शांत उभी होती आणि ओठ चाटत होती.

२

स्मारकात दोनातिलाखेरीज दुसरं माणूस म्हणजे त्वागिरा म्हातारा. हाडांवरची धूळ मऊ ब्रशने झाडणं, कपडे उन्हात घालणं, अंगण लोटणं, ही त्याची कामं. चौऱ्याण्णवला त्याची बायको याच इमारतीत गेली. तो स्वतः बाहेर ज्वारीत लपून राहिला म्हणून वाचला.

"बाबा, तुम्ही स्वयंपाकघरात काही भाजलंत का?"

"मी? अगं पोरी, तोंडात दोन दात, तेही एकमेकांशी बोलत नाहीत. मांस काय नाकाने चावू?"

तरीही तो तिच्याबरोबर आला. ती उंबऱ्याशी थांबली, तो आत गेला. चूल थंडगार होती. राख नाही, धूर नाही. दोन्ही दारं उघडी, इकडचा उजेड तिकडे जात होता. लपायला जागा म्हणून नव्हती. म्हातारा मध्यावर पोचला आणि घसरला. भिंतीला हात टेकून सावरला, वाकला, जमिनीवरून बोट फिरवलं. बोटावर पांढरी थिजलेली चरबी आली. त्याने ते बोट नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"गाय आहे," तो म्हणाला.

"बोकड असेल, बाबा. गुराख्यांनी रात्री आत येऊन भाजला असेल."

"बोकडाचा वास मला सांगतेस? ही कातड्यासकट भाजलेली गाय आहे." बोट भिंतीला पुसत तो बोलत राहिला. "एकवीस दिवस मी त्या ज्वारीत पडून होतो. सकाळी ते लोक कामाला निघायचे. काम म्हणायचे ते त्याला. आणि संध्याकाळी आमच्याच गाई कापून इथे भाजायचे. वारा माझ्याकडे यायचा. बायको आत मरून पडलेली, आणि भुकेने माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, पोरी. या तोंडाला. आजतागायत मला या तोंडाची किळस वाटते."

 दोनातिलाने बादल्या भरून दिल्या, म्हाताऱ्याने गरम पाणी आणि साबणाने जमीन तीनदा घासली. बादलीच्या कडीवरची चरबी तिच्या हाताला लागली ती काही केल्या निघेना. घरी गेल्यावर तिची बारा वर्षांची मुलगी ग्वीझा धावत आली आणि हात हुंगून म्हणाली, "आई, आज मांस?"

"घेवडा आहे," दोनातिला म्हणाली आणि परत हात धुवायला गेली.

तिचं डोकं तसं धड होतं. कुणीतरी चावट माणूस आत शिरत असेल. फाटक काही फार उंच नाही. पोरांना मांस वाटून स्मारकाची टवाळी करणारी माणसं या टेकडीवर आजही आहेत, आणि ती कोण हेही सगळ्यांना माहीत आहे. असं सगळं नीट जुळवून ती झोपली. डोक्याला ते पटलं. नाकाला मात्र पटलं नाही.

३

शुक्रवारी मुलींची माध्यमिक शाळा आली. या वेळी दोनातिलाने आधी स्वयंपाकघराच्या दोन्ही दारांतून डोकावून घेतलं. आत कुणी नव्हतं. तिने मुलींना आत सोडलं आणि वळसा घालताना अर्ध्यावर, भिंतीपाशी थांबली.

आधी बुटांची खसखस ऐकू आली. मग ती थांबली. कधी न थांबणारी रांग थांबली होती. आणि मग चावण्याचा आवाज आला, तोंड मिटून, सभ्यपणे, अठ्ठावीस जणींचा. मध्येच कुणीतरी हलकासा ढेकर दिला आणि दुसरी खुदकन हसली.

दोनातिला धावत अंगणात पोचली तेव्हा मुली बाहेर येत होत्या. चकचकीत ओठ, कोरडे डोळे. त्यांच्या मागे दारातून आरपार उजेड दिसत होता, आणि खोली रिकामीच होती. शेवटची उंच मुलगी वहीपाशी आली. तिने पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. बाहीवर पिवळा डाग पडला.

"ताई, कांतेंग्वा कोण?"

 स्मारकात फिरवताना हे नाव दोनातिला कधीच घेत नसे. कांतेंग्वा तिच्या आईचं नाव होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"आतले काका म्हणाले, कांतेंग्वा इथे नाहीच. ती खाली पळाली होती."

"खाली म्हणजे कुठे?"

"तेवढंच म्हणाले. मग आम्ही निघालो."

चौऱ्याण्णवला दोनातिला नऊ वर्षांची होती आणि शाळेसाठी सरोवरापलीकडे आत्याकडे राहत होती. परत आली तेव्हा घराला छप्पर नव्हतं आणि घरात माणूस नव्हतं. वडील आणि दोन भाऊ याच इमारतीत सापडले, कपड्यांवरून ओळखले, तळघरात पेटीत ठेवले. आई सापडली नाही. गावकऱ्यांनी गवतावर भरवलेल्या प्रत्येक न्यायसभेला दोनातिला गेली. तुरुंगात जाऊन गुलाबी कपड्यांतल्या कैद्यांपुढे हात जोडून उभी राहिली. "पाऊस होता, बाई, काही आठवत नाही," असं ते म्हणायचे आणि तिच्या चपलांकडे बघायचे. त्यांना आठवत होतं, हे तिला दिसत होतं. दर एप्रिलला कुणाकुणाची माणसं सापडायची, पेट्या खाली जायच्या, आणि ती दुसऱ्यांच्या आयांना खांदा द्यायची. वडिलांच्या पेटीशेजारी एक जागा तिने मागून घेऊन रिकामी ठेवली होती. आता स्मारकाच्या समितीने ठरवलं होतं की या एप्रिलच्या दफनानंतर तळघरावर सिमेंट घालून ते कायमचं बंद करायचं. म्हणजे तीन आठवड्यांत आई सापडली तर सापडली.

त्या उंच मुलीने वहीत अभिप्राय लिहिला होता. दोनातिलाने तो संध्याकाळी वाचला. 'पाहुणचार चांगला होता.'

४

रविवारी गास्पार मास्तरांचा फोन आला.

"ताई, राग मानू नका, पण तुम्ही तिथे पोरांना नक्की दाखवता तरी काय?"

"का? काय झालं?"

"पोरं घेवड्याला हात लावत नाहीत. ताटं तशीच परत येतात. ते एक वेळ सोडा. मधल्या सुट्टीत नवीन खेळ काढलाय. दोन रांगा करून फाटकाशी उभी राहतात, हातात काठ्या. बाकीच्यांनी मधून पळायचं. ओरडणं नाही, भांडण नाही, हसणं नाही. एक दमला की दुसरा त्याच्या जागी येतो. ताई, मी माझ्या वडिलांकडून ऐकलंय चौऱ्याण्णवला ते कसं चालायचं. ही पोरं ते बरोब्बर करतात. कुणी पळता पळता पडलं की आधी त्याच्या पायांकडे जातात, पुन्हा पळता येऊ नये म्हणून. हे कुणी शिकवलं त्यांना?"

 दोनातिलाने फोन बाजूला ठेवला, परसात जाऊन ओकली, तोंड धुऊन परत आली. मास्तर अजून फोनवर होते.

"मी बघते, मास्तर," ती म्हणाली.

तिने सोमवारी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. आईच्या नावाचं सोडून.  त्वागिरा बाजारात जाऊन एकाच किल्लीची दोन मोठी कुलुपं घेऊन आला, स्वयंपाकघराच्या दोन्ही दारांना साखळ्या घातल्या आणि किल्ली तिच्या हातात दिली. "कुणी विचारलं तर छप्पर गळतंय म्हणून सांग. साहेबलोकांना छपराचं लगेच पटतं."

बुधवारपर्यंत किल्ली तिच्या कमरेला होती. बुधवारी चाळीस पोरांची शाळा आली आणि तिने दोन्ही कुलुपं काढली.

आपण काय करतो आहोत हे तिला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नव्हती. तिने पुढच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आत काका भेटले तर विचार हं, कांतेंग्वा खाली कुठे गेली?" तो मान डोलावून आत गेला. ती वळसा घालून गेली आणि भिंतीपाशी थांबली नाही, कारण तिला तो आवाज ऐकायचा नव्हता.

बाहेर आल्यावर मुलगा बोटं चाटत म्हणाला, "विटांच्या भट्टीवरून खाली, घायपाताच्या कुंपणापर्यंत. पुढचं तिच्या घरच्यांनी विचारायला हवं, म्हणाले."

त्याच्या मागे त्वागिरा उभा होता. हातातली साखळी त्याने जमिनीवर टाकली.

"चाळीस पोरं, दोनातिला."

"बाबा..."

"चाळीस. आणि तुला माहीत असताना. मास्तरांचा फोन तुला आला होता, मला नाही."

"तुमच्या बायकोची पेटी खाली आहे, बाबा. तुम्ही रोज तिच्यावरची धूळ पुसता. माझ्या आईची पेटी कुठाय?"

 म्हाताऱ्याने ब्रश वहीशेजारी ठेवला. "ज्वारीत मला ज्याने पाहिलं आणि तरी गप्प राहिला, तोही त्यांच्यातलाच होता," तो म्हणाला. "पण त्याने मला ते मांस देऊ केलं नाही. तेवढी लाज त्यालाही होती." तो फाटकातून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही.

५

ती संध्याकाळ उजेड असेपर्यंत दोनातिला उतारावर फिरली. भट्टीचे अवशेष होते. घायपाताचं कुंपणही होतं, पण ते पार खालच्या ओढ्यापर्यंत गेलेलं. वर केळी, खाली रताळ्यांचे वाफे, पंचवीस वर्षांत कितीदा तरी नांगरलेले. कुठे खणायचं? सगळा उतार खणायला टेकडीवरची सगळी माणसं लागली असती, आणि या टेकडीवर तिच्यासाठी कुदळ उचलणारे पाचसुद्धा नव्हते.

सकाळी शाळा यायच्या आधी ती स्वयंपाकघरात गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पदर नाकाशी धरून चुलीसमोर उभी राहिली.

"मी तिच्या घरची," ती मोठ्याने म्हणाली. "मी तिची मुलगी. मला सांग."

काही झालं नाही. कौलांवर कावळ्याच्या पावलांचा आवाज, बाहेर निलगिरीची सळसळ. तिने अजून दोनदा विचारलं. मग विनवलं. मग शिव्या दिल्या, तिला माहीत होत्या तितक्या सगळ्या. रिकाम्या खोलीत आपलीच थुंकी उडताना पाहून तिला स्वतःची लाज वाटली. तिथे खरोखरच कुणी नव्हतं. निदान तिच्यासाठी नव्हतं. तिला या जागेबद्दल शिकायचं काही उरलं नव्हतं. जो कोणी होता, तो शिकायला येणाऱ्यांसाठी होता.

त्या दिवशी सहावीचा वर्ग येणार होता. ग्वीझाचा.

हे तिला महिनाभर आधीपासून माहीत होतं. सकाळी घरून निघताना तिने मुलीला बजावलं होतं, "शेवटी सगळी स्वयंपाकघरात जातील, तू माझ्याबरोबर बाहेरून यायचं."

"सगळ्यांसमोर? आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मी सांगितलं ना."

"बरं बाई, येईन. तोंड वाकडं करू नकोस."

आणि आता वर्ग स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पोरं एकेक करून आत जात होती. ग्वीझा ठरल्याप्रमाणे रांगेतून निघून आईजवळ आली आणि तिने मैत्रिणींकडे बघून डोळे फिरवले. दोनातिलाने तिचा हात धरला. तिला वळसा घालून न्यायचं होतं. पाय तिकडे वळलेही होते.

मग तिने मुलीला परत रांगेत उभं केलं, सगळ्यांत शेवटी, आणि तिच्या कानाशी वाकली.

"आत एक काका असतील. त्यांना विचार, माझी आजी कांतेंग्वा कुठे आहे? म्हणावं, आईने पाठवलंय."

"कुठले काका?"

"विचार एवढं. आणि ते काही द्यायला लागले तर..." तिचं वाक्य तिथेच राहिलं. ग्वीझाने खांदे उडवले आणि ती आत गेली.

दोनातिला इमारतीला वळसा घालून धावली. अंगणातलं दार लोटलेलं होतं. तिने ते हातभर उघडलं.

खोलीत उजेड कमी वाटत होता. पोरं भिंतीला पाठ लावून ओळीत उभी होती, जबडे हलत होते, नजर कुठेच नव्हती. चुलीपाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. ग्वीझा समोर उभी असल्याने चेहरा दिसत नव्हता. दिसत होते रबरी बूट, मांडीवर अंथरलेलं केळीचं पान, आणि कोपरापर्यंत बाही दुमडलेला एक हात. हात स्वच्छ होता. नुकताच घासून धुतलेला, अजून ओला, नखांच्या कडाही पांढऱ्या. काम संपवून जेवायला बसलेल्या माणसाचा हात. तो स्वच्छपणा पाहून दोनातिलाला जी किळस आली तशी तिला कुठल्याही घाणीची आली नव्हती.

"ये बाळ," आवाज आला. मऊ आवाज, वाट सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखा. "कपाळ आजीचंच घेतलंयस अगदी. दमलीस?"

"माझी आजी कांतेंग्वा कुठे आहे? आईने पाठवलंय."

"आईने पाठवलंय. बरं केलं. आधी खा थोडं. रिकाम्या पोटी कसली विचारपूस?"

हाताने पानावरचा तुकडा उचलला. तो ग्वीझाच्या डोक्याआड गेला. चावल्याचा आवाज आला, सावकाश, मग गिळल्याचा. मग तोच तुकडा परत दिसला, एका बाजूने दातांनी तोडलेला, त्यावर लाळेची तार लोंबत असलेला. हात पुढे झाला आणि मुलीच्या छातीपाशी थांबला.

ग्वीझाने घेतला नाही. चांगल्या वळणाची मुलगी परक्याने काही दिलं की जे करते, तेच तिने केलं. मान वळवून आई कुठे आहे ते पाहिलं. दाराच्या फटीत तिला दोनातिलाचा चेहरा दिसला. घेऊ का, असं ती डोळ्यांनीच विचारत होती.

नको म्हणायला एकच शब्द पुरेसा होता. दोनातिलाचं तोंड उघडलंही. गास्पार मास्तरांच्या शाळेचं फाटक तिच्या डोळ्यांसमोर आलं. दोन रांगा, काठ्या, आणि त्यात आता हे ओळखीचं कपाळ. चुलीपाशी आवाज गप्प झाला होता. त्याला घाई नव्हती. पंचवीस वर्षं तो थांबला होता, अजूनही थांबला असता. तीच थांबू शकत नव्हती. दोन आठवड्यांनी सिमेंट पडणार होतं.

दोनातिलाने मान डोलावली. घे.

ग्वीझाने दोन्ही हात पुढे करून तुकडा घेतला आणि तोंडात घातला. चावताना तिचे कान हलत होते, लहानपणापासून हलतात तसे.

"गुणाची पोर," आवाज म्हणाला. "आता ऐक. घायपाताचं कुंपण जिथे वाकतं, तिथून वरच्या अंगाला सत्तर पावलं. तिथे शेणखताचे खड्डे होते. पाऊस होता, तिचा पाय घसरला."

सत्तर पावलं. दोनातिलाच्या छातीत आनंद उसळला, खराखुरा, पंचवीस वर्षांत झाला नव्हता असला. आणि तो आनंद तिला घशाशी आलेल्या आंबट पाण्यासारखा लागला. तरी तो होता. ती मनात पावलं मोजत होती आणि मुलगी चावत होती.

"खड्डे दोन होते," आवाज म्हणाला. "एकात गाईंची हाडं टाकलीत आम्ही. एकात ती. तिचा कुठला, ते सांगतो."

हात पुन्हा पानाकडे गेला. दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. चावल्याचा आवाज झाला, गिळल्याचा झाला, आणि हात पुढे आला.

ग्वीझा विचारायला मान वळवू लागली. पण तिने वळून पाहायच्या आधीच दोनातिलाने मान डोलावली होती.